तिसरी उकळी

मामींचा फोन आला तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य दुधाबद्दल होतं. "दूध उतू गेलं वं बाई... तुहे मामा गेले." याच क्रमानं. सकाळचे आठ वाजले असतील. अमरावतीला आमच्या दवाखान्यात एका पेशंटच्या खाटेजवळ स्टुलावर बसून मी फॉर्म भरत होते, आणि खरं सांगते, पहिला अर्धा मिनिट मी दुधाचाच विचार करत होते. पुढं गावी गेल्यावर कळलं की मामींच्या लेखी तो क्रम बरोबरच होता. पुंडलिकमामांनी रोजच्यासारखा दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर ठेवला होता आणि हातात सांडशी घेऊन समोर उभे होते. मामी न्हाणीत होत्या. जळक्या दुधाचा वास आला तशी त्यांनी आतूनच सुरुवात केली, की लक्ष कोठी हाय, गावाले दूध उकळाले शिकवता अन् घरचं चुलीत सांडता... असं बराच वेळ चाललं. उत्तर आलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मामांनी उलट उत्तर दिलं नाही असं कधी झालंच नव्हतं, म्हणून मामी घाबरून बाहेर आल्या. मामा भिंतीला टेकून बसलेले. सांडशी हातातच. डॉक्टर म्हणाले, हृदय. मामी मात्र आल्यागेल्याला एकच सांगत होत्या, "दोनच उकळ्या झाल्या होत्या हो."

दोन उकळ्या म्हणजे काय हे सांगायचं तर मला सहा वर्षं मागं जावं लागेल, आणि माझी एक चूक कबूल करावी लागेल. मामा असते तर त्यांनी ती मला छापू दिली नसती. आता ते जाऊन दीड महिना झाला आहे, म्हणून लिहिते.

मामांचं गाव तेल्हाऱ्याजवळ. दोन एकर ओलिताचं वावर, त्यात वांगी, मेथी, दसरा-दिवाळीला झेंडू. माल अकोल्याच्या बाजारात. घरी पाच-सहा बकऱ्या, त्यांतली मोठी काळी बकरी म्हणजे 'कलेक्टरीण'. हे नाव पडलं कारण ती कोणाच्याही वावरात न विचारता शिरायची आणि तिला जाब विचारायची कोणाची हिंमत नव्हती. मामांचा धारोष्ण दुधावर फार विश्वास. सकाळी उकिडवं बसायचं, तोंड उघडं, डावा हात बकरीच्या पाठीवर, उजव्या हातानं धार सरळ घशात. नेम असा की एक थेंब मिशीला लागायचा नाही. पाहुण्यांनाही आग्रह. एकदा नव्या जावयाला असंच बसवलं तर कलेक्टरीण हलली आणि धार त्यांच्या डोळ्यात गेली, तर मामा म्हणाले, वाया नाही जात जी, डोळ्यालेबी चांगलंच असते. लहानपणी सुट्टीत मीही ती धार प्यायले आहे. अजून चव आठवते, कोमट, थोडी गवताची, थोडी बकरीची.

आमच्या दोन्ही घरांत, आईकडच्या आणि बाबांकडच्या, कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. हे मी मोठेपणानं सांगत नाही असं लिहिणार होते, पण मोठेपणानंच सांगते. बीएस्सी, मायक्रोबायोलॉजी. ॲडमिशनला बाबांना रजा मिळेना म्हणून मामा सोबत आले. दर्यापूरपर्यंत जीपमध्ये, पुढं अमरावतीच्या बसमध्ये, मांडीवर वांग्याची पिशवी. वांगी कशाला, तर कॉलेजात कोणी मोठा साहेब भेटला तर रिकाम्या हातानं कसं भेटायचं. खिडकीवरच्या बाबूनं विषय विचारला. मला बोलू न देता मामा म्हणाले, "बारीक जीव." बाबूनं परत विचारलं. मामा म्हणाले, "लिवा ना जी, बारीक जीव. डोयाले दिसत नाईत असे." वांगी शेवटी त्या बाबूलाच मिळाली. त्या दिवसापासून मी मामांसाठी 'बीएस्सी' झाले. पहिल्या वर्षाला होते तेव्हापासूनच, डिग्री हातात यायला तीन वर्षं होती तरी. गावात कोणाच्या कोंबड्यांना पिसवा झाल्या की मामा सांगायचे, थांबा, दिवाळीत बीएस्सी येऊन राहिली.

त्याच पहिल्या दिवाळीत मी मामांना उपदेश केला. नवं नवं शिकलेलं, अंगात मावत नव्हतं. दुधात काय काय असतं ते मी ओट्यावर उभी राहून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "मामा, यापुढं दूध गरमच प्यायचं." मामांनी मान डोलावली. "तू म्हनशीन तसं." मला इतका आनंद झाला की मी वसतिगृहात चार मैत्रिणींना सांगितलं, माझ्या मामांनी माझ्या एका शब्दावर सवय सोडली. हे वाक्य लक्षात ठेवा, त्यानंच पुढं घात केला.

शिक्षण झालं आणि मला अमरावतीच्या एका दवाखान्यात काम मिळालं. तापाच्या भरती पेशंटांमध्ये जनावरांपासून आलेला ताप किती जणांना आहे, त्याची पाहणी चालू होती. माझं काम खाटेजवळ बसून फॉर्म भरायचं. एका बाजूला लक्षणं: ताप किती दिवस, रोज येतो की मधून मधून, घाम, सांधे, कंबर, वजन. दुसऱ्या बाजूला कारणं: घरी जनावरं कोणती, त्यांचं बाळंतपण केलं का, दूध कसं पिता. कच्चं दूध किंवा बाळंतपण, यांपैकी एकाला 'होय' आलं तरच त्या खास तपासणीला रक्त जायचं. प्रशिक्षणात एक नियम पक्का शिकवला होता. पेशंटच्या तोंडात उत्तर घालायचं नाही, आपल्या मनचं लिहायचं नाही, तो म्हणेल तेच लिहायचं. गळ्यात ओळखपत्र, हातात निळा पेन, आणि हा नियम. माझी चाल बदलली होती, असं आई म्हणायची.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात मामांना ताप सुरू झाला. तेल्हाऱ्याच्या डॉक्टरांनी टायफॉइडच्या गोळ्या दिल्या, उतरला. पंधरा दिवसांनी परत. मग अकोल्याच्या एका दवाखान्यात मलेरियाचं पाहिलं, सलाईन लागलं, उतरला. परत आला. फोनवर मामा सांगायचे, हा ताप सरकारी नोकरीतला आहे, दिवसभर जागेवर दिसत नाही, संध्याकाळी सही कराले येते. घाम इतका की मामी रोज बनियान पिळून वाळत घालायच्या, आणि त्या घामाला ओल्या गवतासारखा वास. कंबर धरली. पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागे. मामींनी मिरच्या-मीठ ओवाळून टाकलं, तर मामा म्हणाले, दृष्ट काढायचीच असेल तर कंबरेची काढ, डोक्याले काहीच झालं नाही. पण फोन ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, बीएस्सी, हा टीबी तं नसंन ना वं... त्यांच्या थोरल्या भावाला टीबीच झाला होता, आणि ते त्यातून उठले नव्हते. मी म्हटलं, अमरावतीला या.

आले. भरती झाले. आणि त्यांचा फॉर्म भरायला मीच गेले. दुसऱ्या मुलीला देता आला असता, पण मला मामांना दाखवायचं होतं मी काय काम करते ते. ओळखपत्र सरळ केलं, स्टूल ओढलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांना 'आपण' म्हणाले. मामा उशीवरून सरळ होऊन बसले, बनियानवर शर्ट घातला आणि बटणं लावली.

"आपण जनावरांच्या प्रसूतीस मदत केली आहे का?"

मामांनी इकडं तिकडं पाहिलं. "प्रसूती तं तुह्या मामीची झाली दोन खेपा. मले आत कोन येऊ देते?"

मला हसू आलं. 'नाही'वर खूण केली. मग छापलं होतं तसं विचारलं, आपण दूध कच्चे पिता की गरम. मामांनी खाकरून, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर देतात तसं उत्तर दिलं.

"गरमच पेतो जी."

भाचीला 'जी'. मी खूण केली, 'गरम'. आणि त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते आज लिहिते... मला अभिमान वाटत होता. पाहा, माझ्या शब्दाखातर माणसानं जन्माची सवय सोडली.

त्या दोन खुणांनी मामांचं रक्त त्या तपासणीला गेलंच नाही. फोटोत कंबरेच्या मणक्याला सूज दिसली, तेव्हा वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमचं मन टीबीकडं वळलं. पक्कं करायला मणक्यात सुई घालून तुकडा काढायचा होता, दुसऱ्या दिवशी दुपारी. मामांनी मला विचारलं, सुई किती लांब असते. मी म्हटलं, एवढीशी. मी बोटांनी दाखवलं ते पाहून मामा म्हणाले, तू भाजी विकाले बसली असती तर गिऱ्हाईक लुटलं असतं. पण हसले नाहीत. मामींना त्यांनी झेंडूचं बियाणं कुठं ठेवलंय ते सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारच्या खाटेचा फॉर्म आणायला गेले. तिथं अकोल्याचे एक निवृत्त गुरुजी होते. मधे पडदा होता, मामांना मी दिसत नव्हते. मामा गुरुजींना तब्येतीवर बौद्धिक देत होते. ताप आला म्हणून काय, दूध सोडू नका. अन् दूध गरमच पेत जा, माही भाची बीएस्सी हाय, तिनंच सांगतलं. गुरुजी म्हणाले, आम्ही गरमच पितो, सकाळी तापवून ठेवतो. मग मामांचा आवाज आला, समजावणीचा, दया आल्यासारखा.

"चुलीवर ठेवलं का मेलं जी ते दूध. गरम म्हंजे थानातलं गरम. निंगालं का तोंडात. बकरीच्या पोटातच चूल असते ना."

मी तिथंच उभी राहिले. पडद्यापलीकडं मामा पुढं सांगत होते, की कंबर धरल्यापासून खाली बसता येत नाही, म्हणून बकरीलाच ओट्यावर चढवतो, उभ्यानं पेतो, पण नियम मोडला नाही.

मी पडदा सारला. 'आपण'बिपण सगळं विसरले. म्हटलं, मामा, मी तुमाले दूध गरम प्या म्हनलं होतं ना? मामा म्हणाले, "म्हनूनच तं. आंधी मी रातचं उरलेलं थंडंबी पेत होतो. तू म्हनली, तवापासून थंड्या दुधाले हात नाई लावला. फक्त गरम." दहा वर्षं... या माणसानं दहा वर्षं माझा शब्द पाळला होता. अगदी शब्दशः. मी जर 'उकळून' म्हटलं असतं तर उकळून प्यायले असते.

मग मी फॉर्म बाजूला ठेवून विचारायला लागले, जसं घरी विचारते तसं. यंदा कोणती बकरी व्याली? व्याली कोनी नाई, मामा म्हणाले, कलेक्टरीण गाभडली ना दसऱ्याच्या टायमाले. पिल्लू दिवस भरायच्या आधीचं, मेलेलं, अडकलं होतं, हात घालून काढलं. वारही पडत नव्हती, तीही हातानंच. हात कसे होते? कसे म्हंजे, वांग्याचे काटे रुतून फाटलेले, नेहमी असतात तसे. मग हे काल का नाही सांगितलं? मामांना खरंच नवल वाटलं. तू प्रसूती विचारलं, ते म्हणाले. गाभडली त्याले प्रसूती म्हंतेत का?

फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. चुकीवर एक आडवी रेघ मारायची, बाजूला खरं उत्तर लिहायचं, खाली सही करायची, म्हणजे चूक कोणाची ते कायमचं दिसतं. मी दोन रेघा मारल्या, दोन सह्या केल्या आणि डॉक्टर मॅडमकडं गेले. त्यांनी कागद पाहिला. तुम्हाला त्यांची सवय माहीत होती? म्हटलं, होती. मग 'गरम' कसं लिहिलं? म्हटलं, मला वाटलं त्यांनी माझं ऐकलं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "त्यांनी ऐकलंच होतं." आणि सुई थांबवून रक्त पाठवलं.

निघाला तोच आजार. बकऱ्यांतून येणारा, निरशा दुधातून आणि गाभडलेल्या जनावराला उघडा हात लावल्यानं. येतो, जातो, परत येतो, म्हणून टायफॉइड-मलेरियाच्या नावाखाली सगळ्यांना फसवतो, आणि मणक्यात बसला की टीबीसारखा दिसतो. मामांना सांगितलं, टीबी नाही. त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि पहिल्यांदा आडवे पडून झोपले. औषध तीन महिने चाललं. त्यातल्या एका गोळीनं लघवी नारिंगी होते, हे आधी सांगायचं राहून गेलं, हीही आमचीच चूक. पहिल्या दिवशी मामा संडासातून आले ते गंभीर होऊन, गुरुजींच्या कानात काहीतरी बोलले आणि गुरुजी उठून बसले. दुसऱ्या दिवसापासून मात्र मामा वॉर्डभर सांगत सुटले, की झेंडू विकून विकून शेवटी अंगातच पिकला.

गावी गेल्यावर मामांनी गोष्टच बदलून टाकली. अकोल्याच्या बाजारात, जीपमध्ये, पारावर, सगळीकडं एकच: मोठमोठ्या डॉक्टरांना सापडला नाही तो बारीक जीव माह्या भाचीनं पडद्याआडून पकडला. मी एकदा सर्वांसमोर सांगायला गेले, की पकडला नाही, मीच हातचा सोडला होता. मामा मला बाजूला घेऊन गेले आणि जे बोलले ते मी नंतर नोकरीला लागलेल्या प्रत्येक मुलीला शिकवलं आहे.

"तू स्टुलावर बसून मले 'आपण' म्हनली, तवाच मी घाबरलो. घाबरलेला मानूस खरं नाई सांगत, बीएस्सी. बरोबर सांगते."

मग म्हणाले, तुह्या फारमात मानसं कोठी बोलतेत? ते प्रश्न पुन्यातल्या मानसानं पुन्यातल्या बकरीले विचारल्यावानी हायेत. आण कागद. मामा सांगत गेले, मी लिहीत गेले. 'प्रसूती' नाही, व्याली का, गाभडली का, हात कोणी घातला. आणि दुधाचा प्रश्न: चुलीवर उकळलेलं का थानातलं गरम? मी तो कागद भीत भीत मॅडमना दाखवला. पुढच्या छपाईत प्रश्न क्रमांक अकरा बदलून आला. आमच्याकडं त्याला कोणी अकरावा म्हणत नाही, 'मामांचा प्रश्न' म्हणतात. तो विचारायला लागल्यापासून 'गरम' म्हणणारे कितीतरी लोक हसून खरं सांगतात.

बाकी मामांचं म्हणाल तर बाटलेला माणूस बांग जोरात देतो तसं झालं. कोणाची बकरी व्यायला लागली की मामा दोन्ही हातांना साडीच्या दुकानाच्या पिशव्या कोपरापर्यंत बांधून हजर. लोक म्हणायचे, बकरीपेक्षा दुकानाचीच जाहिरात जास्त होते. कोणाच्या घरी चहा समोर आला की आधी विचारायचे, दुधाले उकळी किती? बायका लांबून मामा दिसले की गॅस पेटवून ठेवायच्या. कलेक्टरिणीच्या रक्तातही तो जीव निघाला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेगळी बांधा, दूध काढू नका, विकू तर नकाच. दलाल दारात येऊन उभा राहिला तरी मामांनी विकली नाही, दुसऱ्याच्या घरी ताप कसा विकायचा म्हणाले. ती शेवटपर्यंत मागच्या निंबाखाली दाव्याला राहिली, हातांना पिशव्या बांधून मामा तिला चारा घालायचे, आणि मामी म्हणायच्या, माह्या सासूची एवढी सेवा केली असती तं सरगात गेले असते.

आणि तीन उकळ्या. एक पुरते, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. पण मामांनी हिशेब ठरवला होता. दूध वर आलं, आच कमी करायची, ही पहिली घरच्यांची. परत वर आलं, ही डॉक्टरीण बाईची. तिसऱ्यांदा आलं की सांडशीनं गंज उतरवायचा आणि माजघरापर्यंत ऐकू जाईल असं म्हणायचं, "झाली बीएस्सीची."

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. घरात मामी आणि मी. मामींनी चहाला म्हणून गंज ठेवला. त्याच्या एका बाजूला त्या सकाळी उतू गेलेल्या दुधाचा करपलेला डाग होता. मी तो घासायला घेतला तेव्हा मामींनी माझ्या हातातून काढून घेतला होता. दूध वर आलं. मामींनी आच कमी केली. परत वर आलं, परत कमी केली. मी पाहत होते. मला वाटलं आता त्या बंद करतील, कारण घाई होती, मला दर्यापूरची जीप धरायची होती... मामी हलल्या नाहीत. पदर सांडशीभोवती गुंडाळून तशाच उभ्या राहिल्या. दूध तिसऱ्यांदा काठाशी आलं, तेव्हा त्यांनी गंज उतरवला आणि माझ्याकडं न पाहता, माजघराकडं तोंड करून म्हणाल्या,

"झाली हो बीएस्सीची."